नव्या मॉडेलिंग अँपमधून जुन्या ट्यूब अँपची मजा कशी घ्यायची

मित्राच्या काकांनी १९८० च्या आसपास अमेरिकेहून परत येताना एक फेंडर डिलक्स रिव्हर्ब, म्हणजे काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणारा इलेक्ट्रिक गिटारचा अँप, आणला होता. सिल्व्हरफेस, म्हणजे पुढची पट्टी चंदेरी असलेला, वजन जवळजवळ १९ किलो, आणि तो चालवायचा तर शेजारी एक जडशीळ स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागायचा कारण तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. कॉलेजात असताना आम्ही त्यांच्याकडे गेलो की काका आधी पॉवरचा खटका टाकायचे, पुढचा लाल दिवा लागायचा, मग चहा होईपर्यंत तो तसाच स्टँडबायवर, म्हणजे ट्यूब तापतायत पण आवाज बंद. चहा झाला की स्टँडबाय काढायचा आणि तोवर ट्यूबवरची धूळ तापल्याचा एक वास खोलीत पसरलेला असायचा, तो वास मला अजून आठवतो. हळू वाजवलं की एकदम स्वच्छ काचेसारखा आवाज, आणि तीच कॉर्ड जोरात मारली की आवाज क्षणभर खाली बसायचा, किंचित खरखरायचा आणि मग फुलून वर यायचा. काही बदललेलं नसायचं, ना पेडल ना बटण, फक्त माझा हात.

आता माझ्याकडे बॉसचा कटाना ५० एमके २ आहे, म्हणजे जुन्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलिंग अँप. एमके २ मालिका २०१९ मध्ये आली, तुमच्यापैकीही बऱ्याच जणांकडे हाच किंवा याच्या जवळपासचा काहीतरी असेल, कारण पहिला मॉडेलिंग अँप घ्यायचा म्हटलं की याचं नाव निघतंच. पाच अँप प्रकार, व्हेरिएशनचं बटण दाबलं की आणखी पाच, आत डझनावारी इफेक्ट, हेडफोन, यूएसबी. आणि तरीही सुरुवातीचे कित्येक महिने मला काकांच्या अँपवर जे व्हायचं ते होत नव्हतं. मग एकदा सगळं बंद करून, एकच आवाज धरून, गिटारच्या नॉबवर खेळत बसलो आणि हवी ती गोष्ट सापडली. जुन्या अँपमध्ये एकच आवाज असायचा आणि वाजवणारा त्यातून हाताने दहा आवाज काढायचा, नव्या अँपमध्ये दहा आवाज आहेत म्हणून आपण हात वापरत नाही. हा लेख ती सवय कशी लावायची याबद्दल आहे, एकेक पायरी करून. उदाहरण कटानाचं दिलंय पण तुमच्याकडे दुसरा कुठला मॉडेलिंग अँप असला तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

जुने अँप नेमकं काय करायचे

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढच्या सगळ्या सेटिंगचं कारण इथे आहे.

ट्यूब अँपमध्ये ढोबळमानाने दोन टप्पे असतात. आधी प्रीअँप, म्हणजे छोट्या ट्यूब, गिटारचा बारीक सिग्नल वाढवतात. मग पॉवर अँप, मोठ्या ट्यूब, ज्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर हलवतात. १९५० आणि ६० च्या दशकातल्या अँपला मास्टर व्हॉल्यूम नव्हता. एकच व्हॉल्यूमचा नॉब, तो वाढवला की आवाज मोठा होत होत एका जागी पॉवर ट्यूबची क्षमता संपायची आणि आवाज फाटायला लागायचा. ते फाटणं एकदम होत नाही, हळूहळू होतं, म्हणून कानाला गोड लागतं. त्यात ज्या अँपमध्ये वीज सरळ करायलाही ट्यूब असायची तिथे जोरात वाजवलं की व्होल्टेज क्षणभर पडायचं, त्यालाच सॅग म्हणतात, मी वर जे खाली बसून फुलणं म्हटलं ते हेच. आणि वर स्पीकरचा कागद, तोही जोरात हलला की आपला रंग टाकतोच.

म्हणजे जुन्या अँपची खरी मजा मोठ्या आवाजात होती. १९६६ मध्ये इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन लेस पॉल गिटार आणि मार्शल कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) घेऊन स्टुडिओत गेला तेव्हा तो अँपचा आवाज कमी करायला तयार नव्हता, त्यामागे हेच कारण होतं. घरात ते शक्य नाही. दोन बीएचकेच्या फ्लॅटमध्ये २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब पाचवर नेऊन बघा, खालच्या मजल्यावरून फोन येईल.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिलाय त्यांना एक गोष्ट लगेच कळेल. घोडीवर तारेखाली जो दोरा असतो तो जरासा पुढेमागे सरकवला की एका जागी जवारी उघडते आणि मुकी तार एकदम बोलायला लागते, तिच्यातून वरचे स्वर झरायला लागतात. त्या जागेच्या अलीकडे आवाज मिटलेला आणि पलीकडे नुसती झणझण. ट्यूब अँपमध्येही अशीच एक जागा असते, क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाज, संपतोय आणि खरखर सुरू होतेय त्याच्या बरोबर मधली. खालच्या सगळ्या पायऱ्या ती जागा शोधण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: अँप जमिनीवरून उचला

फुकटातली आणि सगळ्यात मोठी सुधारणा. बारा इंची स्पीकरमधला तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. अँप जमिनीवर ठेवून तुम्ही उभे राहिलात तर तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो, कानापर्यंत नुसता गुबगुबीत आवाज पोचतो, मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्या माणसाचे कान फाटतात. स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागे टेकवून थोडा तिरका करा. कोपऱ्यात ठेवू नका, भिंतीला चिकटवूही नका कारण दोन्हीने बेस फुगतो. मी माझा अँप लाकडी स्टुलावर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवतो आणि त्यानंतर बेसचा नॉब जवळजवळ अर्ध्याने कमी झालाय.

पायरी दुसरी: सगळं बंद

बूस्टर (सिग्नल आणखी वाढवणारा) बंद, मॉड (आवाज हलवणारे इफेक्ट) बंद, डिले (आवाज पुन्हा ऐकवणारा) बंद, रिव्हर्ब (घुम देणारा) सुद्धा बंद. बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही बारावर, म्हणजे नॉब घड्याळाच्या काट्यासारखा सरळ वर. कटानाचं टोन स्टुडिओ हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर लावून नॉइज सप्रेसर, म्हणजे हिस दाबणारी सोय, चालू आहे का तेही बघा, असेल तर बंद करा किंवा अगदी कमी करा, कारण तो सूर विरत जाताना त्याचं शेपूट कापतो आणि जुन्या आवाजाचा अर्धा जीव त्या शेपटात असतो. थोडी हिस ऐकू येईल. येऊ दे, जुन्या अँपलाही यायची.

या कोरड्या आवाजावर पंधरा मिनिटं वाजवा. छान वाटणार नाही, रिव्हर्बची सवय झालेल्या कानाला तर अजिबात नाही, पण आपला पिक कुठे पडतोय, कुठली तार जास्त वाजतेय, डावा हात कुठे सुटतोय हे सगळं लख्ख दिसतं.

पायरी तिसरी: एक अँप निवडा आणि महिनाभर तोच

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. महिनाभर एकच जुना अँप डोळ्यासमोर ठेवायचा आणि दुसऱ्या कुठल्या प्रीसेटला, म्हणजे आधीच लावून ठेवलेल्या आवाजाला, हात लावायचा नाही.

कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग अजूनही १९५० च्या दशकातला फेंडर ट्वीड डिलक्स वाजवतो. त्या अँपवर दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बस, आणि गंमत अशी की ज्या चॅनेलमध्ये गिटार लावलेली नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी लावलेल्या चॅनेलचा आवाज बदलतो. तीन नॉबमध्ये इतके आवाज सापडले की ते नॉब पायाने फिरवता यावेत म्हणून त्याने मोटरवर चालणारं एक यंत्रच बनवून घेतलं, त्याला व्हिझर म्हणतात. पायाखालचं बटण दाबलं की अँपवर नॉब खरोखर फिरतो.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर त्याच्याही पुढे. व्हॉक्स एसी ३० चा व्हॉल्यूम पूर्ण, समोर ट्रेबल बूस्टर, आणि क्लीनपासून सोलोपर्यंत सगळं गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवरून, शिवाय पिक म्हणून सहा पेनीचं नाणं. इतका भरीव आणि वेगवेगळ्या रंगांचा आवाज काढणारा माणूस अँपवरचा नॉब हलवत नाही, हे मी रोज गिटार हातात घेताना स्वतःला सांगतो.

पायरी चौथी: गिटार सातवर ठेवून गेन लावा

बहुतेक जण गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून अँपचा गेन (प्रीअँपमध्ये सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) लावतात. मग वाढवायला काही उरत नाही, फक्त कमी करता येतं. उलटं करा.

गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा, टोन नऊ-दहावर. अँपवर क्रंच (हलकी खरखर असलेला प्रकार) निवडा, गेन पूर्ण खाली. आता एक साधी ई मेजर कॉर्ड मध्यम जोराने वाजवत राहा आणि गेन अगदी सावकाश वाढवा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे आठ, नऊ, साडेनऊ असं करत एका जागी कॉर्डच्या सुरुवातीला, फक्त सुरुवातीला, बारीकशी खरखर ऐकू येईल आणि सूर विरेल तसा आवाज परत स्वच्छ होईल. थांबा. हीच ती जवारीची जागा. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपवर ती थोडी उशिरा येते, हमबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या) लवकर.

आता नॉबला हात न लावता तीन गोष्टी करा. गिटार चारवर नेऊन बोटांनी वाजवा, आवाज जवळजवळ क्लीन येईल. सातवर जोरात स्ट्रम करा, गुरगुरेल. दहावर नेऊन एक सूर वाकवा, तो गायला लागेल. हे तिन्ही मिळाले की तुमचा अँप बरोबर लागला. गिटार खाली आणल्यावर आवाज फार मंद होत असेल तर बहुतेक वेळा गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर ट्रेबल ब्लीड नसतं, म्हणजे एक छोटा कपॅसिटर, कुठलाही गिटार दुरुस्त करणारा दहा मिनिटांत लावून देतो. तोपर्यंत अँपवर ट्रेबल थोडं जास्त आणि गिटारवर टोन थोडा कमी ठेवून काम भागतं.

स्ट्रॅट, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, वाजवणाऱ्यांसाठी एक सवय: उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूम नॉबच्या कडेला टेकवून ठेवायची आणि वाजवता वाजवता ओढायची. पहिले आठ दिवस हात अवघडतो, मग विसरायला होतं.

पायरी पाचवी: मास्टर वर, वॉट खाली

कटानाच्या पॉवर कंट्रोलवर ०.५ वॉट, २५ वॉट आणि पूर्ण असे पर्याय आहेत आणि ते नुसते आवाज कमी करायला दिलेले नाहीत. जुन्या अँपचा पॉवर टप्पा ताणला गेल्यावर जे होतं त्याच्या जवळ जायचं असेल तर ०.५ वॉटवर आणून मास्टर दोन-तीन वाजेपर्यंत वर न्या. ५० वॉटवर मास्टर जेमतेम उघडून तोच आवाज येतो असं वाटत असेल तर दोन्ही लागोपाठ वाजवून बघा, पहिल्यात आवाज जास्त भरीव आणि पिकखाली थोडा मऊ लागतो. ०.५ वॉट म्हणजे कुजबुज नाही हं, बारा इंची स्पीकरवर तोही खोली भरतो, रात्री दहानंतर हेडफोनच लावा. गेन, चॅनेलचा व्हॉल्यूम आणि मास्टर हे तीन वेगळे नॉब आहेत हे लक्षात ठेवा: गेनने चव ठरते, मास्टर आणि वॉटने घरातली शांतता.

पायरी सहावी: कुठला जुना अँप?

इथे थोडा इतिहास येणार, कारण तो माहीत असला की नॉब कुठे न्यायचे ते पाठ करावं लागत नाही.

फेंडर ब्लॅकफेस, म्हणजे १९६३ ते ६७ च्या काळातले काळ्या पट्टीचे डिलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब. यांच्या टोन सर्किटमध्ये मधला भाग मुळातच खोल खणलेला असतो, डिलक्स रिव्हर्बला तर मिडलचा नॉबच नाही. म्हणून आवाज चमकदार आणि खोल, गाण्याच्या मध्ये गायकाला जागा सोडणारा. कटानावर क्लीन किंवा गेन कमी केलेला क्रंच, मिडल नऊ-दहावर, ट्रेबल एकवर, बेस अकरावर, गेन फक्त कडेला पोचेल इतका. वर स्प्रिंग रिव्हर्ब.

त्याच्या आधीचे ट्वीड. अँपवर सामानाच्या बॅगेसारखं पिवळट कापड चिकटवलेलं असायचं म्हणून ते नाव. यात मधला भाग भरपूर, बेस सैल, आणि लवकर फाटतो. मिडल दोनवर, बेस नऊवर, ट्रेबल अकरावर, क्रंच, गेन बारापर्यंत. इथे बेस कमी ठेवायलाच हवा, गेनच्या आधी बेस जास्त झाला की आवाजाचा चिखल होतो. ब्लूज वाजवणाऱ्यांनी महिनाभर हाच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्शलची गोष्ट तर मला फारच आवडते. जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा माणूस, लंडनमध्ये हॅनवेलला त्याचं दुकान. गिटार वाजवणारी पोरं दुकानात यायची आणि म्हणायची आम्हाला मोठा, रांगडा अँप हवाय. अमेरिकन फेंडर इंग्लंडमध्ये महाग पडायचे, म्हणून केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीने त्यांनी फेंडर बासमनचं सर्किट, ५एफ६-ए, समोर ठेवून १९६२ च्या सुमाराला आपला अँप बनवला, तो जेटीएम ४५. सर्किट जवळजवळ तेच, पण ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर इंग्लंडमध्ये मिळतील ते, आणि फेंडरने मोकळ्या पाठीच्या खोक्यात दहा इंची चार स्पीकर लावलेले तिथे यांनी बंद कॅबिनेटमध्ये बारा इंची चार. तेवढ्यावर आवाज बदलला. एकाच कागदावरच्या सर्किटमधून दोन घराणी निघाली असं म्हणा. पुढे १०० वॉटचे सुपर लीड आले, त्यांचे दोन चॅनेल छोट्या पॅच केबलने जोडून दोन्ही व्हॉल्यूम एकत्र वाजवायची युक्ती आली, आणि १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमवाला मार्शल, जो १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने गाजला. कटानावर यासाठी क्रंचचा गेन एक-दोनवर किंवा ब्राऊनचा गेन नऊ-दहावर, मिडल दोनवर, बेस दहावर, ट्रेबल बारा. ब्राऊन हे नाव रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या त्या प्रसिद्ध तापलेल्या मार्शलच्या आवाजावरून रूढ झालंय, पण त्याचा गेन पूर्ण उघडण्याची घाई करू नका, अर्ध्याच्या खाली तो जास्त सुरेख वाजतो.

व्हॉक्स एसी ३०. डिक डेनी याने केलेली रचना, टॉम जेनिंग्जची कंपनी, केंट परगण्यातलं डार्टफर्ड गाव. चार ईएल ८४ ट्यूब आणि निळ्या रंगाचे सेलेशन स्पीकर. शॅडोज हा इंग्लिश बँड, मग बीटल्स, सगळ्यांनी हाच वाजवला. आवाजात घंटेसारखा किणकिणाट. यावर कट नावाचा नॉब असतो आणि तो उलटा चालतो, वाढवला की वरचा आवाज कमी होतो. मॉडेलिंग अँपवर याच्या जवळ जायला ट्रेबल दोनवर, मिडल बारावर, बेस साडेनऊवर, गेन कडेच्या जरा पुढे, आणि बूस्टरमध्ये ट्रेबल बूस्ट निवडून तो हलकासा.

हे आकडे फक्त सुरुवातीचे. तुमची गिटार, पिकअप, खोली वेगळी, तुम्हाला दोन्ही बाजूला सरकावं लागेलच. रोलंड जेसी १२० सारखा १९७५ चा ट्रान्झिस्टर अँप हा वेगळाच प्रकार, त्याची मजा न फाटण्यात आणि स्टीरिओ कोरसमध्ये आहे, त्याला वरची चौथी पायरी लावू नका.

पायरी सातवी: इफेक्ट, पण त्या काळातलेच

आता एकेक परत चालू करा. स्प्रिंग रिव्हर्ब म्हणजे अँपच्या तळाशी पत्र्याच्या डब्यात ताणलेल्या खऱ्या स्प्रिंगा. अँपला धक्का लागला की आतून वीज कडाडल्यासारखा आवाज यायचा, काकांच्या अँपला आम्ही मुद्दाम हलकेच ढकलायचो. टोन स्टुडिओमध्ये रिव्हर्बचा प्रकार स्प्रिंग करा, प्रमाण असं ठेवा की वाजवताना कळणार नाही आणि थांबल्यावर कळेल.

ट्रेमोलो, ज्याला फेंडरने आपल्या अँपवर व्हायब्रेटो असं लिहून ठेवलं आणि सगळ्यांचा कायमचा गोंधळ करून टाकला, खरं तर आवाज लहान-मोठा करतो, सूर हलवत नाही. ब्लॅकफेसमध्ये हे एक लुकलुकणारा निऑन बल्ब आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टर करायचे. मॉडमध्ये ट्रेमोलो निवडा, वेग गाण्याच्या ठेक्याला जुळवा, खोली निम्मी. डिले हवाच असेल तर टेप इको, दोनच आवृत्त्या ऐकू येतील इतका.

एवढंच. ड्राईव्ह पेडल हवं वाटलं तर बूस्टरमध्ये ब्लूज ड्राईव्ह किंवा टी-स्क्रीम घ्या, त्याचा ड्राईव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल जास्त, म्हणजे तो अँपला पुढे ढकलेल आणि स्वतः काही बोलणार नाही.

पायरी आठवी: घरचा आणि बँडचा, दोन वेगळे सेव्ह करा

कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि खूप वरचा भाग कमी ऐकू येतो. हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून खोलीत बसून लावलेला आवाज, ज्यात आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवलेलं असतं आणि मिडल कापलेलं, बँडच्या प्रॅक्टिसला मोठ्याने लावला की एकाच वेळी घुमतो, टोचतो आणि तरी ड्रममागे गायब होतो. माझं हे एका कार्यक्रमात झालंय, पहिल्या दोन गाण्यांत सोलो कुणाला ऐकूच आला नाही. त्यानंतर मी प्रत्येक आवाजाच्या दोन आवृत्त्या ठेवतो. घरची सेव्ह केली की तिची कॉपी करून त्यात मिडल दोन खुणांनी वर, बेस दोन खुणांनी खाली, गेन थोडा कमी, रिव्हर्ब निम्मा. मग प्रॅक्टिसच्या ठिकाणी मोठ्या आवाजात शेवटचा हात फिरवायचा आणि तिथेच सेव्ह करायचं. घरी ती आवृत्ती कोरडी आणि नाकातली वाटेल. वाटू दे, ती घरासाठी नाहीच.

नवं कुठे जिंकतं, जुनं कुठे

नवं जिंकतं ते सरळ आहे. रात्री अकरा वाजता हेडफोन लावून मार्शल वाजवता येतो, यूएसबीने थेट रेकॉर्ड होतं, एका हाताने रिक्षात ठेवता येतो, आणि ट्यूब बदलायचा खर्च नाही. हल्ली गिटार अँपच्या बहुतेक ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, २०२२ मध्ये रशियातला पुरवठा अडला तेव्हा जगभर लोक साठा करायला धावले होते. फेंडरलासुद्धा हे कळतं, त्यांनी २०१९ मध्ये टोन मास्टर नावाने डिलक्स रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली, दिसायला तीच, वजनाला जवळजवळ निम्मी.

जुनं अजूनही जिंकतं ते हाताला जे जाणवतं त्यात. ट्यूब अँप उघडला की पिकखाली जमीन किंचित दबल्यासारखी वाटते, खोलीतली हवा हलते, गिटार अँपकडे वळवली की सूर आपोआप तरंगत राहतो. मॉडेलिंगमध्ये हे बरंच जवळ येतं, पूर्ण येत नाही, आणि ज्याने एकदा अनुभवलंय त्याला तो फरक कळतो. म्हणून संधी मिळाली तर खरा जुना अँप वाजवून या, कान आणि हात दोन्ही त्यावर लावून घ्या, परत आल्यावर मॉडेलिंग अँप लावणं निम्मं सोपं होतं.

जुना अँप समोर आला तर

काही गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून नीट वाचा. अमेरिकन अँप असेल तर मागचं व्होल्टेज बघितल्याशिवाय आपल्या सॉकेटमध्ये लावू नका, योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. दोन पिनांची जुनी वायर असेल तर आधी जाणकाराकडून अर्थिंगची तीन पिनांची करून घ्या, त्या वेळच्या वायरिंगमध्ये एक कपॅसिटर मेनपासून चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो, तो बिघडला तर गिटारच्या तारांमध्ये करंट उतरू शकतो आणि तुमचे ओठ माईकला लागलेले असतील तर काय होईल ते सांगायला नको. मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास चार्ज बसून राहू शकतो. स्पीकरची वायर जोडलेली आहे ना हे बघितल्याशिवाय ट्यूब अँप सुरू करू नका, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो जुन्या अँपचा सगळ्यात महाग आणि न मिळणारा भाग. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पडून राहिलेल्या अँपचे नॉब करकरतात, ट्यूबचे सॉकेट गंजतात, ते साफ करून घ्यायला लावा.

मग पॉवर टाका, एक-दोन मिनिटं स्टँडबायवर राहू द्या, स्टँडबाय काढा. सगळे टोन नॉब पाचवर, व्हॉल्यूम तीनवर. वीस मिनिटं तसंच वाजवा कारण अँप तापायला वेळ लागतो आणि तापल्यावरचा आवाज वेगळा असतो. मग गिटार सातवर घ्या, घरच्यांना दार लावून घ्यायला सांगा आणि अँपचा व्हॉल्यूम चारकडे न्यायला लागा.